वाढपी किती आणि चुली किती: लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरच्या थ्रेड पूलचं परीक्षण

फुकट मिळणाऱ्या वस्तूचं परीक्षण सहसा कुणी लिहीत नाही. लिनक्स कर्नेलमधला (गाभ्यातला) एनएफएस सर्व्हर, म्हणजे एका मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून बाकीच्या मशीनना वापरू देणारा भाग, अशीच एक वस्तू. भोसरीच्या टूलरूममधली कॅडची ड्रॉइंगं, बाणेरच्या स्टुडिओतल्या रेंडर फ्रेम्स, हिंजवडीतली सोर्स कोडची झाडं, सगळी त्याच्या जिवावर चालतात, आणि त्याची आठवण फक्त "सर्व्हर स्लो झालाय" अशी ओरड झाली की होते. मग उपायही ठरलेला: थ्रेड, म्हणजे एका वेळी एकेक मागणी हाताळणारे कर्नेलचे कामकरी, वाढवा. ८ चे ६४ करा, ६४ चे २५६. फरक पडला तर अ‍ॅडमिन हुशार, नाही पडला तर डिस्क जुनी.

इथे परीक्षण त्याच एका आकड्याचं आहे. आमचं मत आधीच सांगतो: सर्व्हर उत्तम, त्याचा थ्रेड पूल (थ्रेडचा साठा) साधा आणि भरवशाचा, पण त्याची मीटरं वाईट, आणि एक उणीव अशी की ती माहीत नसेल तर एक मरतुकडी डिस्क अख्खं ऑफिस बसवते.

(खाली फाइलींचे मार्ग आणि कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन, लहान लिपीत.)

सर्व्हर सुरू होताना कर्नेल एनएफएसडी नावाचे ठरावीक थ्रेड तयार करतं. क्लायंटकडून, म्हणजे फाइल मागणाऱ्या मशीनकडून, मागणी आली की मोकळा थ्रेड ती उचलतो, फाइलसिस्टिमकडून काम करवून घेतो, उत्तर पाठवतो आणि परत रांगेत उभा राहतो. महत्त्वाचं हे, की डिस्कवरून माहिती येईपर्यंत तो थ्रेड तिथेच अडकून असतो. मध्येच दुसरं काम घेत नाही. म्हणजे ३२ थ्रेड असतील तर एका वेळी जास्तीत जास्त ३२ मागण्या हातात, बाकीच्या सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या टोकाशी) ताटकळत. थ्रेडचा मूळ आकडा बरीच वर्षं ८ असायचा, अलीकडच्या एनएफएस-युटिल्समध्ये (एनएफएसच्या कमांडच्या पॅकेजमध्ये) १६ आहे. दोन्ही आकडे घरगुती वापराला ठीक, ऑफिसला तोकडे.

पंगतीचा हिशोब लावा. थ्रेड म्हणजे वाढपी, डिस्क म्हणजे चूल. चार वाढपी जास्त आणले म्हणून भाकरी लवकर भाजत नाही. ७२०० आरपीएमची सॅटा डिस्क विखुरलेलं वाचन सेकंदाला साधारण ७५ ते १०० वेळा करते. अशा चार डिस्क असतील तर साडेतीनशेच्या आसपास. आता थ्रेड १६ असोत की १२८, तिथून निघणारं काम तेवढंच. १६ असताना मागण्या सॉकेटच्या रांगेत थांबतात, १२८ असताना डिस्कच्या रांगेत. सरासरी वेळ तोच.

मग थ्रेड वाढवल्यावर काही ठिकाणी खरंच फरक का जाणवतो? कारण सगळ्या मागण्यांना चुलीकडे जावं लागत नाही. फाइलची तारीख-आकार विचारणं, डिरेक्टरीची यादी, रॅममध्ये आधीच असलेला डेटा, हे सगळं मिलिसेकंदाच्याही अंशात उरकतं. पण १६ च्या १६ वाढपी भाकरीसाठी चुलीपाशी उभे असतील तर ज्याला नुसतं पाणी हवंय तोही बसून राहतो. बाणेरच्या स्टुडिओत रेंडर सुरू झाला की शेजारच्या माणसाला साधं फोल्डर उघडायला दहा सेकंद लागतात, ते यामुळे. जादा थ्रेड ठेवायचे ते जड मागण्यांमागे हलक्या मागण्या अडू नयेत म्हणून. डिस्क वेगवान होईल या आशेने ठेवलेले थ्रेड फुकट जातात.

आकडा काढायचा हिशोबही सरळ आहे. दर सेकंदाला येणाऱ्या मागण्या गुणिले एका मागणीला लागणारा वेळ, तेवढे थ्रेड सरासरी गुंतलेले असतात. सेकंदाला २००० मागण्या आणि प्रत्येकी ५ मिलिसेकंद, म्हणजे १० थ्रेड. रेड अ‍ॅरेची (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचाची) दुरुस्ती चालू झाली आणि वेळ ४० मिलिसेकंदांवर गेला, की त्याच मागण्यांना ८० लागतात. नेहमीच्या दिवसाचा आकडा काढा, त्याला तीन-चारने गुणा, आणि तिथून सुरुवात करा. वीस-पंचवीस मशीनचं ऑफिस आणि चार सॅटा डिस्क असतील तर ३२ पुरतात. एनव्हीएमई (वेगवान फ्लॅश डिस्क), दहा गिगाबिटचं नेटवर्क आणि रेंडर नोडची (रेंडर करणाऱ्या मशीनची) रांग असेल तर ६४ ते १२८. त्यापुढे दुप्पट करा, मोजा, फरक दिसला नाही तर मागे या.

जादा थ्रेडची किंमत मुख्यतः मेमरीची. कर्नेल एका थ्रेडला साधारण एकूण रॅमच्या ४०९६ व्या भागाएवढा बफर देतं, जास्तीत जास्त १ एमबी. म्हणजे ४ जीबी किंवा त्याहून मोठ्या मशीनवर थ्रेडमागे १ एमबीच्या आसपास. २५६ थ्रेड म्हणजे पाव जीबी. ६४ जीबीच्या सर्व्हरवर ही चिल्लर आहे, पण जुन्या ४ जीबीच्या डब्यावर ५१२ थ्रेड लावले तर फाइल कॅशचीच जागा जाते, आणि कॅश गेली की जे काम रॅममधून व्हायचं ते डिस्कवर येतं. म्हणजे थ्रेड वाढवून सर्व्हर हळू झाला. अशी उदाहरणं थोडी नाहीत.

बदल करण्याची सोय मात्र झकास आहे. आरपीसी डॉट एनएफएसडी या कमांडपुढे नुसता ६४ लिहा, किंवा /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/थ्रेड्स या फाइलीत आकडा लिहा, तत्काळ लागू. नव्या एनएफएस-युटिल्समध्ये एनएफएसडीसीटीएल थ्रेड्स ६४ असंही चालतं. कमी करायचे असले तरी तसंच, थ्रेड हातातलं काम संपवून निघून जातात. क्लायंटना पत्ता लागत नाही. यासाठी सर्व्हिस रिस्टार्ट करणं ही शुद्ध चूक. रिस्टार्टनंतर एनएफएस ४ चा ९० सेकंदांचा ग्रेस पीरियड सुरू होतो, आणि तेवढ्या वेळात नवीन फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला थांबावं लागतं. भर दुपारी हे केलंत तर फोन येणारच.

मशीन बंद-चालू झाल्यावरही आकडा टिकावा म्हणून तो /इटीसी/एनएफएस.कॉन्फ या फाइलीत, एनएफएसडी या विभागाखाली थ्रेड्स=६४ असा लिहायचा. इथे एक जुना खड्डा आहे. पूर्वी उबुंटू-डेबियनवर /इटीसी/डिफॉल्ट/एनएफएस-कर्नेल-सर्व्हर आणि रेडहॅट ७ वर /इटीसी/सिसकॉन्फिग/एनएफएस या फाइलींत आरपीसीएनएफएसडीकाउंट नावाचा आकडा असायचा. उबुंटू २२.०४, डेबियन १२ किंवा रेडहॅट ८ वर तो कुणी वाचत नाही. जुनी फाइल तशीच पडून राहते, त्यात ऐटीत १२८ लिहिलेलं असतं, आणि प्रत्यक्षात थ्रेड चालू असतात ८. चूक दाखवणारा एकही संदेश नाही. म्हणून प्रॉकमधली थ्रेड्स फाइल कॅट कमांडने वाचून बघणं ही पहिली पायरी.

आता मीटरांबद्दल. इथे आम्ही गुण कापतो.

/प्रॉक/नेट/आरपीसी/एनएफएसडी या फाइलीत टीएच नावाची एक ओळ आहे. थ्रेडचा आकडा, आणि त्यापुढे दहा-अकरा रकाने. किती थ्रेड किती वेळ गुंतलेले होते याचा तो तक्ता होता. जुन्या लेखांत अजूनही "शेवटचे रकाने वाढत असतील तर थ्रेड वाढवा" असं सापडतं. तो तक्ता २००९ मध्येच काढून टाकला. रकाने आहेत, सगळ्यांत शून्य. ते पाहून "आपले थ्रेड पुरेसे आहेत" असा निष्कर्ष काढणारे अजून भेटतात. रिकाम्या मीटरपेक्षा मीटर नसलेलं बरं.

त्याच्या जागी आलेली फाइल /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/पूल_स्टॅट्स. पूलचा क्रमांक, आलेली पॅकेट, रांगेत लागलेले सॉकेट, उठवलेले थ्रेड असे रकाने. मूळ कल्पना अशी, की मोकळा थ्रेड न सापडल्यामुळे रांगेत लागलेले सॉकेट मोजायचे आणि तो आकडा स्थिर असला की सगळं ठीक. अलीकडच्या कर्नेलमध्ये मात्र तो आकडा पॅकेटच्या आकड्याबरोबरच धावतो, म्हणून तो एकटा पाहून घाबरू नका. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा फाइल वाचा. रांगेतले सॉकेट जितके वाढले त्याच्या खूप मागे उठवलेले थ्रेड राहत असतील, तर उठवायला कुणी मोकळं नव्हतं. हा अंदाज आहे, वजनकाटा नव्हे.

त्याहून सोपी आणि जास्त उपयोगी युक्ती पीएस कमांडची. एनएफएसडी थ्रेडची यादी काढा आणि प्रत्येकाने आजवर खाल्लेला सीपीयू वेळ बघा. कर्नेल काम वाटताना सगळ्यांना सारखं वाटत नाही, साधारणतः त्याच त्या मोकळ्या थ्रेडना आधी उठवतं. त्यामुळे काहींच्या नावावर तास, काहींच्या मिनिटं आणि काहींच्या शून्य दिसतं. महिनाभर चालू असलेल्या सर्व्हरवर ६४ पैकी ४० शून्यावर असतील तर २४ च्या वर कधी गरजच पडली नाही. सगळेच बऱ्यापैकी राबलेले दिसले तर आकडा वाढवायला हरकत नाही. दहा सेकंदांचं काम आहे, आणि कुठलंही टूल बसवावं लागत नाही.

क्लायंटच्या बाजूने एनएफएसआयओस्टॅट चालवा. त्यात आरटीटी आणि एक्झी असे दोन वेळ दिसतात. आरटीटी म्हणजे मागणी तारेवर गेल्यापासून उत्तर येईपर्यंत, एक्झी म्हणजे क्लायंटमधल्या रांगेसकट सगळं. एक्झी मोठा आणि आरटीटी छोटा असेल तर मागण्या क्लायंटमध्येच अडल्यात, सर्व्हरवर हजार थ्रेड लावले तरी फरक पडणार नाही. आरटीटी मोठा असेल तरच सर्व्हरकडे किंवा नेटवर्ककडे बघायचं. आणि त्याआधी केबल. तपकीर गल्लीतून आणलेली स्वस्त पॅचकॉर्ड १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर जुळते आणि दोष थ्रेडवर येतो. ईथटूलने वेग तपासायला अर्धं मिनिट पुरतं.

लोड अ‍ॅव्हरेजमुळेही (मशीनवर किती कामं चालू किंवा ताटकळत आहेत, त्याच्या सरासरीमुळेही) पुष्कळ लोक फसतात. डिस्कची वाट पाहणारा थ्रेड डी या अवस्थेत असतो आणि लिनक्स त्यालाही लोडमध्ये धरतं. ६४ थ्रेड डिस्कवर अडकले की लोड ६४, सीपीयू मात्र ९५ टक्के रिकामा. थ्रेड १२८ केले की लोडही १२८. "थ्रेड वाढवल्यावर लोड दुप्पट झाला" या तक्रारीत सर्व्हर आधीपेक्षा वाईट झालेला नसतो, वाट पाहणारे फक्त आता मोजले जातात.

लिहिण्याचा प्रश्न वेगळा आहे. मोठ्या रॅमच्या मशीनवर कर्नेल डिस्कवर न गेलेला डेटा मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साठू देतं. ६४ जीबीवर तो दहा-बारा जीबीपर्यंत जातो. मग क्लायंट "आता पक्कं लिहा" म्हणतो, तेव्हा हळू डिस्कवर तो ओघ ओतताना एकेक करत सगळे थ्रेड थांबतात. लॉगमध्ये एनएफएसडी १२० सेकंदांहून जास्त अडकल्याची ओळ येते, क्लायंटवर "नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग". इथे थ्रेड वाढवणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी. व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स २५६ एमबी आणि व्हीएम.डर्टी_बाइट्स १ जीबी अशी मर्यादा घाला, म्हणजे डेटा सतत थोडा थोडा उतरत राहतो. एक्सपोर्टला (नेटवर्कवर वाटलेल्या फोल्डरला) असिंक लावून वेग मिळवायचा मोह टाळा. असिंकमध्ये डेटा डिस्कवर जाण्याआधीच "झालं" असं उत्तर जातं, आणि मे महिन्यातल्या एका वळवाच्या सरीने वीज गेली की क्लायंटला लिहिलं वाटतं ते डिस्कवर नसतं. यूपीएस आहे म्हणून निश्चिंत असाल तर त्याच्या बॅटरीचं वय आधी बघा.

आता ती उणीव. सगळ्या एक्सपोर्टना मिळून थ्रेडचा साठा एकच. प्रोजेक्ट, बॅकअप, स्कॅन अशा तीन डिस्क वेगळ्या असल्या तरी वाढपी सामाईक. बॅकअपची जुनी डिस्क खराब सेक्टरवर अडकली, एकेक मागणी अर्धा-अर्धा मिनिट घेऊ लागली, की काही मिनिटांत सगळे थ्रेड तिच्या दारात, आणि धडधाकट प्रोजेक्ट डिस्कसुद्धा बंद. एक्सपोर्टनिहाय कोटा नाही, क्लायंटनिहायही नाही. रांग सॉकेटची असल्याने प्रत्येक जोडणीला साधारण सारखी पाळी मिळते एवढंच. त्यातही कर्नेल ५.३ पासून क्लायंटला एनकनेक्ट=८ लिहून आठ जोडण्या घेता येतात, म्हणजे एकाच माणसाने रांगेत आठ चपला ठेवल्यासारखं. रेंडर नोडवर एनकनेक्ट आणि डिझायनरच्या मशीनवर नाही, अशी मांडणी असेल तर डिझायनर मागेच राहणार.

यावर तोडगा आहे, पण खटपटीचा. एनएफएसडीचे थ्रेड नेटवर्क नेमस्पेसनिहाय (एकाच मशीनवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कनिहाय) वेगळे असतात. म्हणून बॅकअपचा एक्सपोर्ट वेगळ्या कंटेनरमध्ये, वेगळ्या आयपीवर, त्याच्या स्वतःच्या ८ थ्रेडसह चालवता येतो. तो अडकला तर तेवढाच अडकतो. हे जमत नसेल तर खराब होऊ शकणारी डिस्क वेगळ्या मशीनवर न्या. भिंत ही हवीच.

भोसरी-चाकण पट्ट्यात गुरुवारची सुट्टी, म्हणून सर्व्हरची कामं गुरुवारी. शुक्रवारी सकाळी सगळी मशीनं एकदम उठतात आणि तेव्हा दुसरीच गंमत दिसते. नवा क्लायंट आला की त्याला परवानगी आहे का, हे एनएफएसडी स्वतः ठरवत नाही, आरपीसी डॉट माउंटडी या सोबतच्या प्रोग्रॅमला विचारतो. एक्सपोर्टच्या यादीत मशीनची नावं लिहिली असतील तर माउंटडी डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारतो. डीएनएसवाला राउटर अजून उठलेला नसेल तर माउंटडी ताटकळतो, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबलेला एनएफएसडीही काही सेकंद थांबतो. पन्नास क्लायंट एकदम आले की सगळा पूल याच कामात. उपाय: एक्सपोर्टमध्ये नावांऐवजी १९२.१६८.१०.०/२४ असा सबनेट लिहा, आणि एनएफएस.कॉन्फमध्ये माउंटडी विभागात थ्रेड्स=४ करा. मॅनेज-जिड्स (वापरकर्त्याचे गट सर्व्हरनेच शोधण्याची सोय) चालू असेल तर गटांची माहितीही याच वाटेने येते, म्हणजे एलडॅप (वापरकर्त्यांची मध्यवर्ती यादी) हळू असला तरी तोच त्रास.

कर्नेल ५ च्या मालिकेवर असाल तर जोडण्यांची कमाल संख्याही थ्रेडवरून ठरते: थ्रेडमध्ये ३ मिळवा आणि २० ने गुणा. ८ थ्रेड म्हणजे २२० जोडण्या. एरवी भरपूर, पण चाळीस नोड आणि एनकनेक्ट=८ म्हणजे ३२०, आणि लॉगमध्ये "टू मेनी ओपन कनेक्शन्स". थ्रेड वाढवणं हाच खरा उपाय असलेली ही विरळा जागा.

पूल मोडची चर्चा थोडक्यात. सनआरपीसी मॉड्यूलला पूल_मोड देऊन थ्रेड सीपीयूनिहाय किंवा नोडनिहाय (इथे नोड म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी) वाटता येतात. दोन प्रोसेसरच्या मोठ्या मशीनवर परनोड विचारात घ्या, तोही सर्व्हर सुरू होण्याआधी, चालू असताना बदलत नाही. एका प्रोसेसरच्या मशीनवर ग्लोबल (सगळ्यांचा एकच पूल) आहे तसं राहू द्या.

पर्याय? एनएफएस-गणेशा हा युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नेलबाहेर साध्या प्रोग्रॅमसारखा, चालणारा सर्व्हर. नाव आपल्याकडचं वाटलं तरी जन्म फ्रान्सच्या सीईए या संस्थेतला. तिथे आकडा एक नसून दोन: आरपीसी_आयओक्यू_थर्डमिन आणि थर्डमॅक्स, मूळचे २ आणि २००. गरजेप्रमाणे थ्रेड आपोआप वाढतात, ही सोय कर्नेल सर्व्हरपेक्षा सरस. कोसळला तर नुसती प्रोसेस कोसळते, मशीन चालू राहतं. पण थ्रेड वाढले की जीलिबसीच्या (सी भाषेच्या लायब्ररीच्या) मेमरी अरेनाही, म्हणजे राखून ठेवलेले मेमरीचे तुकडेही, वाढतात आणि प्रोसेस फुगत जाते. मॅलॉक_अरेना_मॅक्स मर्यादित ठेवावा लागतो. साध्या एक्सएफएस डिस्कसाठी हा व्याप कशाला. सेफ (अनेक मशीनवर पसरलेली स्टोरेज प्रणाली) वापरत असाल तरच घ्या.

सांबाची (विंडोजच्या पद्धतीने फाइली वाटणाऱ्या सर्व्हरची) रचना अगदी निराळी. प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र एसएमबीडी प्रोसेस, आणि तिच्या पोटात वाचन-लेखनाचे थ्रेड, कमाल १०० (एआयओ मॅक्स थ्रेड्स). एका क्लायंटने सगळ्यांचे थ्रेड अडवण्याचा प्रश्नच नाही. मेमरी जास्त खातो, खाऊ दे. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीच्या ऑफिसांत विंडोज आणि मॅकच असतात, तिथे एनएफएसच्या थ्रेडची चिंता करण्यात अर्थ नाही, सांबाच लावा.

कर्नेलच्या एनएफएस सर्व्हरला आमचे पाचपैकी चार. अर्धा गुण शून्यांच्या त्या ओळीसाठी कापला, अर्धा सामाईक पूलसाठी. लिनक्स क्लायंट, स्थानिक डिस्क आणि पन्नासच्या आत मशीनं असतील तर दुसरं काही शोधू नका: ३२ थ्रेड, सिंक एक्सपोर्ट, सबनेटची यादी, डर्टी बाइट्सला लगाम, आणि बॅकअपची डिस्क भिंतीपलीकडे. महिन्याभराने पीएस चालवून शून्यावर किती बसलेत ते मोजा.